दुभाष्याची सही

हेमलकशाच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा बाबांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावरून उतरवून कंडक्टरच्या हाती दिली. मी दहा वर्षांची होते, आश्रमशाळेत निघाले होते.  बस सुटताना बाबा खिडकीशी आले आणि आमच्या माडिया बोलीत, शेजारच्या बाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तिथे आपली बोली बोलू नको. हसतात."

मी त्यांचं जरा जास्तच ऐकलं. दोन वर्षांत माझी मराठी अशी झाली की पाहुणे आले की गुरुजी मलाच उभं करायचे.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे हॉस्टेलं बदलत शहरात पोचलात, दोघांनाही हे सांगते आहे. तुम्ही दोघांनीही माझ्याबद्दल अर्धंच ऐकलं आहे.

चंद्रपुरात मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. जटपुरा गेटजवळ भाड्याची खोली आहे. शेजारच्या काकू चांगल्या आहेत, पण आडनाव कळल्यावर म्हणाल्या होत्या, "तुम्ही त्या लोकांतल्या वाटत नाही." कौतुकानं म्हणाल्या. आदिवासी दिनाला मात्र कार्यालयाला मी त्या लोकांतलीच हवी असते. मागच्या वेळी माझ्या डोक्यावर पिसांचा मुकुट चढवला. आमच्या गावात कुठलीही बाई असलं काही घालत नाही. फोटोत मी हसते आहे.

मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. एका गावात ग्रामसभा घ्यायची होती, गावामागच्या डोंगरावर खोदकामाला गावाची संमती हवी होती. माडिया येणारी कार्यालयात मी एकटीच. गावाचं नाव ऐकून मी म्हटलं, सर, ते माझंच गाव आहे. "मग तर उत्तमच," साहेब म्हणाले.

जीपमध्ये ड्रायव्हर वामनभाऊंनी आरशातून पाहिलं. "तुमचंच गाव न हे, मॅडम? मंग काऊन घाबरून राह्यल्या?" मी नाही म्हटलं. 

गोटुलात सगळे जमले होते, गावाची बैठक तिथेच होते. बाबा खांबाला टेकून बसले होते. मला टेबलामागे साहेबांच्या शेजारी खुर्ची दिली होती. समोर माझी माणसं जमिनीवर. साहेब सांगत गेले, रोजगार, रस्ता, दवाखाना, आणि मी माडियात सांगत गेले. 'संमती'ला आमच्यात नेमका शब्द सापडेना. मी 'हो म्हणणं' असं सांगितलं.

तेव्हा बुधरी आत्या उठली. बाबांची मोठी बहीण, मला पाठीला बांधून मोहफुलं वेचायला नेणारी. तिनं मला नावानं हाक मारली नाही. एवढंच विचारलं, "आज हो म्हटलं, तर उद्या नाही म्हणता येईल का?"

मी ते साहेबांना मराठीत सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तो विषय आज नाही. पुढचा मुद्दा घ्या."

मी पुढचा मुद्दा घेतला. आत्या बाहेर निघून गेली. तिच्यामागे एकेक जण उठला. कोणी भांडलं नाही. आमच्याकडे कोणी न बोलता उठून गेलं की ते 'नाही' असतं, हे मला माहीत होतं. साहेबांना नव्हतं. मी सांगितलं नाही.

इतिवृत्त जीपच्या बॉनेटवर लिहिलं गेलं. 'ग्रामस्थांना मातृभाषेत समजावून सांगितले. कोणीही हरकत घेतली नाही.' खाली, दुभाषी, आणि रिकामी जागा. त्यातलं एकही वाक्य खोटं म्हणून दाखवता येत नव्हतं. बाबा जवळ येऊन उभे होते. आपली मुलगी साहेबांच्या कागदावर सही करते आहे, याचा त्यांना अभिमान वाटत होता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज लिहिला. आत्यानं काय विचारलं, तिला उत्तर मिळालं नाही, लोक का उठून गेले, सगळं. आवक खिडकीवर देऊन शिक्का घेतला. साहेबांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात, ते आधी ठरवा," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात माझं टेबल अभिलेख कक्षात गेलं. तिथे खिडकी नाही. दौऱ्यावर मला आता कोणी नेत नाही, डबा खायला कोणी बोलावत नाही.

गावानं स्वतःची सभा घेतली, स्वतःच्या रजिस्टरात 'नाही' असं लिहिलं, अंगठे उठवले. सोबत मी पाठवलेली माझ्या अर्जाची प्रत जोडली. प्रकरण तेव्हापासून पडून आहे. पण गावात माझी सही आधी पोचली होती आणि अर्ज नंतर. 

नोकरी सोडावी असं रोज वाटतं. सोडून कुठं जाऊ? धान लावायचा माझा हात गेला आहे, बायका हसतात. माझ्या माडियात मराठी शब्द येतात, ते मलाच ऐकू येतात.

मागच्या महिन्यात रजा काढून गेले. गोटुलात बैठक होती. मी मागे उभी राहिले तशा दोघीतिघी बोलायच्या थांबल्या. कार्यालयाकडून नवं पत्र आलं होतं. आत्यानं ते माझ्यापुढे धरलं, बायकांमध्ये थोडी जागा केली आणि म्हणाली, "वाच. तुझ्या मनाचं काही सांगू नको."

मी बसले आणि पहिल्या ओळीपासून माडियात वाचायला लागले. माझं घर आता तेवढं आहे, दोन बायकांच्या मधली ती जागा. तिथे मला माझं काही बोलायची परवानगी नाही. पुढच्या रजेचा अर्ज मी देऊन ठेवला आहे.