रिस्टार्टबाई

इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात तिला सगळे रिस्टार्टबाई म्हणायचे. फोनवर माणूस कितीही तापलेला असो, बाई लोण्यासारख्या आवाजात म्हणणार, "राऊटर एकदा बंद करून चालू करा, सर. आता आमच्या साइटवर स्पीड तपासा." तिथला काटा झपकन टोकाला जायचा. गिऱ्हाईक गार. तक्रार बंद.

काटा टोकाला जाणारच होता. कंपनीनं वेग दाबला होता तो फक्त फाइल-शेअरिंगचा. लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून मोठमोठ्या फाइली ओढतात, त्याचा. तपासणीच्या पानाला कुणी हात लावला नव्हता. विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायची सोय नव्हती. बोललं की घरी. कोण फोनवर काय बोलतंय ते ऐकायला काचेपलीकडे एक साहेब बसायचे, त्यांना पोरी 'कान' म्हणायच्या. "कान आलाय गं," असं कुणी पुटपुटलं की अख्ख्या ओळीच्या आवाजात साखर पडायची.

बाईच्या नवऱ्याचं दुकान बसलं होतं. घर चालायचं ते तिच्या या साखरेवर.

तिचा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग जोडून फिल्म बनवून द्यायचा. शूटिंग यायचं परगावाहून, फाइल-शेअरिंगनंच. लाइन ताईच्याच कंपनीची, आणि हल्ली ते मुंगीच्या पावलानं यायचं. "ताई, नवरी भांडून माहेरी परत येईल, तरी लग्नाची फिल्म तयार नसेल!" तो हसायचा, पण हसणं आता दातापुरतंच उरलं होतं. कॉम्प्युटरचं मशीन दोनदा खोलून झालं, भाग बदलून झाले. स्टुडिओवाल्यानं बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देईन.

बाई ऐकायची आणि गिळून बसायची. भाऊ तोंडाचा फाटका. कळलं असतं तर चौकात उभा राहून ओरडला असता, माझी सख्खी बहीणच सांगते म्हणून.

एक दिवस फोन उचलला, तर समोर तोच.

"ताई? अगं, तूच लागलीस की!"

काचेपलीकडे कान हेडफोन दाबून बसलेला.

"आपली तक्रार सांगा, सर."

"सर? बरं बाई, सर तर सर." तिनं राऊटर बंद-चालू करायला, स्पीड तपासायला सांगितलं, ते सगळं त्यानं केलं. "काटा तर टोकाला आहे गं. म्हणजे मशीनच मेलंय ना? तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. विकून टाकतो. गोदामात माणसं घेतायत, जातो ओझी उचलायला."

"आणखी काही मदत हवी आहे, सर?"

तोंडातून गेलं खरं. तक्रार बंद.

सुटल्यावर ती तडक त्याच्या दारात. "विकू नकोस. मशीन उचल आणि माझ्याकडे आणून लाव."

"तिथं काय सोनं लागलंय?"

"लाव म्हटलं ना! थोरल्या बहिणीचं एक तरी ऐक."

कंपनीच्या माणसांच्या घरची लाइन दाबलेली नसते. बाहेरच्या खोलीत मशीन जोडलं आणि अडकलेली फाइल धडाधड उतरू लागली. भाऊ आधी पडद्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"मशीन चांगलंय."

"हं."

"तुला माहीत होतं." ती घडी केलेल्याच टॉवेलची पुन्हा घडी घालत होती. "सर-सर करत होतीस, तेव्हाही?"

"तेव्हाही. बाहेर बोललास तर माझी नोकरी जाईल."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसताच "नाही बोलत" म्हणाला आणि कामाला लागला. रोज यायचा. नवरा म्हणायचा, "घरजावई ऐकला होता, घरमेहुणा आमच्याच नशिबी." भाऊ उलट टोला द्यायचा नाही. फाटकं तोंड त्यानं तिच्यासाठी शिवून टाकलं होतं.

आणि तिच्या कानात दिवसभर तसेच दुसरे कुणाकुणाचे भाऊ. कुणाचं रेकॉर्डिंग अडकलेलं, कुणाचे नकाशे. त्या सगळ्यांना काही ती घरी बोलावू शकत नव्हती. काटा दाखवायची आणि पुढचा फोन घ्यायची.

मग कानानं तिला काचेपलीकडे बोलावलं. "घरी पाहुणे फार आलेत वाटतं? लाइनवर बराच भार दिसतोय."

"भाऊ आहे, सर."

"असू दे की, असू दे." साहेब गोड हसले. "नियम फक्त सगळ्यांना सारखा हवा. नाही का?"

त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती, तेवढ्यात बाहेरून हाक आली. "ताई, अडकलं गं. इथंही."

तिला बरंच काही सांगायचं होतं. तोंडातून आलं ते, "राऊटर एकदा बंद करून चालू करा, सर."

भाऊ मोठ्यानं हसला. हसत हसतच दारात आला आणि तिचा चेहरा बघून थांबला. मागे फिरला, वाकून राऊटर बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा लागायची वाट बघत दोघं भावंडं उभी राहिली.