एका माणसाचा तांडा

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली दारव्ह्याकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर सत्यशीला कॉम्प्युटरवर बसायची. कापूस विकायचा नंबर लागावा म्हणून शेतकरी मोबाइलवरून संदेश धाडत आणि ती त्यातलं नाव, गाव, एकर वेगवेगळ्या रकान्यांत टाकी. हातानं नाही हो, हातानं केलं असतं तर बिचारी तिथंच म्हातारी झाली असती! कंस, ठिपके, चांदण्या मांडून तिनं एक साचा लिहिला होता. रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात त्याला. पहिल्या स्वल्पविरामापर्यंत नाव, दुसऱ्यापर्यंत गाव, उरलं ते एकर. लोक घाबरून तोच संदेश चारचारदा पाठवत, म्हणून एका फोनवरून तेच नाव पुन्हा आलं की गाळायचीही सोय केलेली.

खरेदीच्या शेवटच्या दिवशी सकाळी धनीबाई राठोड खिडकीशी आली. कापसाची गाडी फाटकाबाहेर उभी होती.

"मॅडम, माहा नंबर काहून नाई लागून राह्यला? आमच्या तांड्यात एकट्या नाईकाचाच लागला."

सत्यशीला पार थकली होती. हंगामभर हाच प्रश्न, हीच खिडकी. यादीत नाव दिसेना. "संदेशच आला नसन, मावशी," मान वर न करता ती म्हणाली. धनीबाई निघून गेली.

दुपारी चहा पिताना मात्र सत्यशीलाला राहवेना. तिनं मूळ संदेश उघडले आणि कपाळावर हात मारला. 'देवीलाल नाईक, धनीबाई हरिसिंग राठोड...' तांड्यातल्या झाडून साऱ्यांनी आधी नाईकाचं, म्हणजे तांड्याच्या मुखियाचं, नाव लिहिलेलं, मग आपलं. आणि सारे संदेश नाईकाच्याच फोनवरून, कारण रेंज तेवढ्यालाच. साच्यानं दरवेळी देवीलालच उचलला, धनीबाईला गाव समजला, आणि तोच माणूस परत आला म्हणून बाकी सगळे फेकून दिले. अख्ख्या तांड्याचा एक माणूस करून ठेवला मेल्यानं!

सत्यशीलानं साचा बदलला. नाईकाचं नाव असलं तर ते ओलांडून पुढचं घ्यायचं. एक कंस चुकला, पुन्हा लिहिला. डोळे नुसते चुरचुरत होते. धनीबाईचा नंबर छापून निघाला तशी ती कागद घेऊन अनवाणीच फाटकाकडे धावली.

धनीबाई गाडीशीच उभी होती, पण गाडी रिकामी होती. केंद्र बंद होणार म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यानं पडेल भावात सगळा कापूस उचलला होता.

"चुकी माही हाय, मावशी. मी सकाळीच पाहाले पाह्यजे होतं."

धनीबाईनं तो कागद घेतला आणि घडी घालून परत तिच्याच हातात दिला.

"नाईकाचं नाव आंधी घ्याचं, असा आमचा रिवाज हाय, पोरी. मले वाटलं, मोठ्या मानसाचं नाव पाहून तरी तुमी आमाले पाहान."