शेवंताची मॅच आणि शाळेवरचा अँटेना

पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. दुपारचे बारा वाजले होते आणि चार वाजता त्याच पडद्यावर शेवंता कबड्डी खेळणार होती.

गडचिरोली जिल्ह्यातलं डोंगरापलीकडचं गाव. गावातला एकुलता एक टीव्ही शाळेत. शेवंता इथलीच, राज्याच्या संघात निवड झालेली. तिची आई सुमनबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या होत्या. मॅच नेहमी दूरच्या शहरात, आणि धान-मोहाची कामं कधी संपत नाहीत. मुलीला मैदानात खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात टेक्निशियन होतो. निघताना आमचे साहेब म्हणाले, "तिथं सिग्नल येणार नाही. मध्ये डोंगर आहे. तुम्ही काय डोंगर हलवणार?"

"साहेब, उन्हाळ्यात मीच लावलाय तो अँटेना. चित्र आलं होतं."

"मग डोंगर वाढला असेल," म्हणत त्यांनी दौऱ्याच्या कागदावर सही केली.

टीव्हीचा सिग्नल साधारण सरळ जातो. डोंगर आडवा आला, की माथ्यावरून वाकून थोडासाच पलीकडे उतरतो. तेवढा झेलायला उंच बांबूवर अँटेना बांधायचा आणि बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, जोडायची. एवढंच आमचं शास्त्र.

केबल तपासली. ठीक. बूस्टर बदलला. मग मी खालूनच बांबू फिरवू लागलो. शेवंताचे वडील गुणवंताभाऊ खिडकीतून ओरडून सांगत होते.

"मुंग्या!"

"आता?"

"आता मोठ्या मुंग्या, सायेब!"

वर अँटेना दिसतच नव्हता. बोरीच्या काट्यांचा भारा तेवढा दिसत होता. "हे काय?" मी विचारलं.

"वांदरासाठी जी."

काट्यांनी सिग्नल अडत नाही, म्हणून मी सोडून दिलं. खरं कारण माझे गुडघे. शिडी चढायचं मी टाळत होतो. अडीच वाजता मात्र नाइलाज झाला.

वर जाऊन काटे बाजूला केले आणि कपाळावर हात मारला. आत अँटेनाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी होती. खालून, वरून, चारही बाजूंनी तारेने शिवलेली. डोंगर ओलांडून आलेला सिग्नल लोखंडाला अडून दाराशीच परत जात होता.

"गुणवंताभाऊ, हे कोणी केलं?"

"मीच जी. तुमीच त तीनदा सांगतलं, वांदराचा हात लागू देऊ नोका. काट्याईले ते भेत नाई. मंग खुराडं उसवलं. कोंबड्या घरात निजून राह्यल्या तवापासून."

मलाच लाज वाटली. जाळी कापली, तिच्यात गुंफलेले काटेही उतरले. खालून एकच आरोळी उठली. चित्र आलं होतं.

त्या आरोळीने मागच्या आंब्यावरची वानरंही जागी झाली. उघडा, चकचकीत अँटेना त्यांना फारच आवडलेला दिसला. आता कोणीतरी गुलेल घेऊन छपरावर बसणं भाग होतं. अख्ख्या शाळेत तेवढी एकच जागा, जिथून टीव्ही दिसत नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

गुणवंताभाऊंनी गुलेल उचलली आणि शिडीवर पाय ठेवला. "चूक माह्यी हाय."

मला ते बघवेना. "खाली बसा. चूक माझी आहे," मी म्हणालो आणि गुलेल घेतली.

चार वाजल्यापासून मी आणि सात वानरं एकमेकांकडे बघत होतो. खाली टाळ्या, शिट्ट्या, मग एकदम शांतता. "काय झालं?" मी वरून विचारायचो. उत्तरादाखल पुढची शिट्टी यायची. एकदा तर सुमनबाई जोरात रडल्या आणि लगेच हसल्या.

मॅच संपल्यावर गुणवंताभाऊ डोळे पुसत बाहेर आले.

"जिंकलो का?"

ते गोंधळले. आत जाऊन विचारून आले. "कोनालेच मालूम नाई, सायेब. आमी सारे शेवंतालेच पाहून राह्यलो होतो."

सूचना देताना ती किती मनापासून पाळली जाईल याचा अंदाज घ्यावा, एवढं मी त्या दिवशी शिकलो. मॅचचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. हरलो होतो. मी गावाला कळवलं नाही.