उत्तरं घरी राहिली

चर्चच्या हॉलमध्ये जमलेल्या साठ जणांना मी येशूबद्दलच्या शंकांचे कागद वाटले आणि उत्तरांचा गठ्ठा घरी विसरलो. येशू न मानणाऱ्यांचा आमच्या शेजारच्या काकांइतका मोठा कैवारी अख्ख्या नाशकात नसेल. त्या शंका काकांनीच लिहिल्या होत्या, त्यामुळे त्या भलत्याच पटण्याजोग्या होत्या.

काका ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्तीनंतर तपासायला पार्ट उरले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचा धर्म टेबलावर घेतला. "येशू झालाच नाही म्हणणारा वेगळा, झाला पण चमत्कार मागून जोडले म्हणणारा वेगळा. दोघांना एकच गोळी कशी चालेल?" असं म्हणून ते समोरच्याचा मुद्दा इतका घासूनपुसून मांडत, की मूळ शंकेखोराचीच कॉलर ताठ व्हावी. एकदा मी मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवला, की जुन्या ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथातला येशूवरचा उतारा बनावट आहे. काका दुखावतील म्हणून मी कपबशीसकट दाराकडे सरकलो, तर ते खूश! "त्यात नंतर कुणीतरी भर घातलीय, बहुतेक अभ्यासक मानतात. तेवढा भाग नापास. पण येशूच्या भावाला भेटल्याचं त्या काळचा प्रचारक पौल स्वतः लिहितो, ते पत्र पास. त्यावरून माणूस होऊन गेला एवढंच ठरतं हं, देव ठरत नाही." काकू आतून म्हणाल्या, "हे नक्की कुणाच्या बाजूने आहेत, विचारा हो त्यांना."

हा सगळा खटाटोप काकांच्या नातीसाठी होता. "कशावरून?" एवढं विचारलं म्हणून कुणीतरी तिला गप्प बसवलं होतं, तेव्हापासून तिने चर्चला येणं सोडलेलं. आज आजोबा बोलणार म्हणून आली आणि शेवटच्या रांगेत, दाराशी बसली. शंका वाचून तिने कागद उलटून पाहिला. मागे कोरा. आता ही उठते, अशी मला धास्ती वाटली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

मग ते कागदाशिवायच बोलले, एकेक शंका तिच्या तिच्या मापाने. येशू थडग्यातून उठल्याच्या मुद्द्यापाशी आले तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "हे मी सिद्ध करू शकत नाही. मी मानतो. ज्याला पटत नाही तो मूर्ख नाही. त्याने इथून उठून जाऊ नये, एवढंच मागणं."

नात बसून राहिली. नंतर अंगणात ती आजोबांशी कडाकडा भांडत होती, "पण आजोबा, पौलाच्या त्या पत्राचं काय!", आणि काका एकेक मुद्दा सोडून देत होते. इतक्या आनंदाने हरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी माफी मागायला काकूंजवळ गेलो. त्या म्हणाल्या, "येशूच्या बारा शिष्यांत तुम्ही नव्हता ते बरं झालं, भाऊ. शुभवर्तमान नाशकापर्यंत पोचलंच नसतं."