कायद्यातली कोणतीही व्यक्ती

ती माझ्याकडे आली ती शेजारणीला सोबत घेऊन. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात दोघी शिलाईला होत्या. टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या. शेजारीण तेलुगू घरातली, सोलापुरातच वाढलेली. हिला मात्र सगळे ‘नेपाळी’ म्हणायचे.

“नेपाळी न्हाय ओ मी,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “भूतानची. पन तितनं हाकललंय आमाला.”

लहानपणीच तिच्या घरच्यांचं नागरिकत्व काढून घेऊन त्यांना देशाबाहेर घालवलं होतं. ती नेपाळमधल्या छावणीत वाढली, छावणीतल्याच मुलाशी लग्न करून पोटासाठी भारतात आली. छावणीत मागे राहिलेल्यांना पुढे अमेरिकेसारख्या देशांत वसवलं, तेव्हा ही दोघं सोलापुरात चायनीजची गाडी लावत होती. नंतर नवरा काविळीने गेला. भूतानच्या लेखी ती नाही, नेपाळच्या लेखीही नाही.

कारखान्यात इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. मग सगळ्यांचा पीएफ आधारला जोडायचा ठरला, हिच्याकडे आधार कार्डच नाही हे कळलं, आणि मालकांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

मी कामगारांचे खटले चालवते. मला हे प्रकरण सरळ वाटलं. कायद्यात कामगार म्हणजे काम करणारी कोणतीही व्यक्ती; तिथे नागरिक हा शब्द नाही. घटनेतली समानतासुद्धा प्रत्येक व्यक्तीला दिलेली आहे. नोटीस न देता असं काढता येत नाही. हे सगळं मी तिला उत्साहाने समजावलं. शेजारणीने तेलुगूतून पुन्हा सांगितलं, कारण कारखान्यातल्या तेलुगू बायकांत राहून हिची तेलुगू मराठीपेक्षा चांगली झाली होती.

मालकांना फोन केला. “बाई कामाला लई चांगली हाय, मॅडम,” ते म्हणाले. “पण उद्या चौकशी आली तर मीच अडकतो की.”

कामगार कार्यालयात गेलो. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि आधार नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. मी कागदावर अर्ज घ्यायला लावला. साहेबांनी तो वाचला, शिक्का न मारताच माझ्याकडे परत सरकवला आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, समोरचा वकील पहिल्याच तारखेला काय विचारणार, सांगा.”

व्हिसा. तो व्हिसाच मागणार. भूतानच्या किंवा नेपाळच्या नागरिकाला तो लागत नाही, पण ही दोन्हीकडची नागरिक नाही. कामावरून काढणं बेकायदेशीर होतं की नाही ते नंतर. आधी हिचं इथे असणंच बेकायदेशीर ठरणार.

बाहेर पायऱ्यांवर तिने विचारलं, “केस जिंकली तर काम मिळंल?”

“मिळू शकतं.”

“आनि तवर पोलिसांनी नेलं तर?”

“मी जामीन करीन.”

“ते म्हनतील, तुज्या देशाला जा. कुटल्या देशाला धाडनार मला?”

तिने माझ्या हातातला अर्ज काढून घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मी चिडले. साहेबांवर, मालकांवर, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही. लढायला एवढी चांगली बाजू हाताशी असून उपयोग शून्य. हक्क आहे, पण तो मागायला उभं राहायचं म्हणजे स्वतःला पकडून द्यायचं.

आता ती जवळच्या कुंभारी गावात शेजारणीच्या खोलीत शिवते. ठेकेदार शेजारणीच्या नावावर माल टाकून जातो. परवा मी गेले तेव्हा मशीन चालूच होतं.

“ठेकेदार काल हिला म्हनाला,” शेजारणीकडे बोट दाखवत ती हसली, “तुज्यासारकी शिलाई कुनाची न्हाय.”

शेजारीणही हसली, पण जरा ओशाळून. मला काही हसू येईना. मी पुन्हा कायद्याचं काढलं, वरच्या कोर्टात जाता येईल असं काहीतरी बोलायला लागले.

“ताई, ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि टॉवेलांचा गठ्ठा बाजूला सारून मला बसायला जागा केली.