वहीबाईंची पूर्ण रजा

लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकणाऱ्या त्या कंपनीत सहा सर्व्हर होते आणि सहाही एकाच बाईंनी हाताने उभे केलेले. नवं मशीन आलं की त्या निळ्या कव्हरची वही उघडायच्या, पहिल्या पायरीपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत एकेक आज्ञा टाइप करायच्या आणि पेन्सिलने टिक करत पुढे जायच्या. एका मशीनपायी अख्खा दिवस जायचा. सगळे त्यांना वहीबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

पण या वहीनेच त्यांचं एक मोठं नुकसान केलं होतं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाच्या दिवशी सकाळीच एक सर्व्हर बंद पडला. "तासाभरात येते," असं सांगून वहीबाई दवाखान्यातून ज्या गेल्या, त्या संध्याकाळीच उगवल्या. तोवर नात जन्मून, दुपट्यात गुंडाळून झोपलीसुद्धा होती. लेक भांडली नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. आता दुसरं बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं. लेकीने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, येणार असशील तर पूर्ण ये. अर्धी येऊ नकोस."

याच सुमारास ऑफिसात एक नवे सहकारी आले. पन्नाशीचे, आग लागली तरी "सावकाश" म्हणतील असे. आठवड्याभरात त्यांचं नाव सावकाशराव पडलं. त्यांनी सुचवलं की ही वही एका संगणकीय साधनाच्या हवाली करू. मशीन कसं असायला हवं ते फाइलमध्ये लिहायचं. साधन दर अर्ध्या तासाने प्रत्येक मशीन तपासतं, नसेल ते बसवतं, बदललेलं असेल ते पूर्ववत करतं. वहीबाईंनी आधी नाक मुरडलं. मग लेकीचं वाक्य आठवलं आणि त्या मुकाट्याने वही घेऊन शेजारी बसल्या.

सहा आठवडे दोघं एकेक पायरी फाइलमध्ये उतरवत होते. मग एका कोऱ्या मशीनवर साधन चालवलं, तर अकरा मिनिटांत वेब सर्व्हर तयार. पुन्हा चालवलं, तर पडद्यावर आलं, बदल शून्य. म्हणजे काहीच केलं नाही का, असं वहीबाईंनी फणकाऱ्याने विचारलं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं सावकाशराव म्हणाले.

मग सहाही सर्व्हर साधनाच्या ताब्यात दिले, आणि तासाभरातच चार नंबर अडला. प्रवाशांना एकच उत्तर येत होतं: थोड्या वेळाने प्रयत्न करा. वहीबाईंना दुःख झालं असं म्हणणं खोटं ठरेल. त्या थेट मशीनमध्ये शिरल्या, एक आकडा बदलला, साइट सुरळीत झाली, आणि विजयी चेहऱ्याने चहा घेऊन बसल्या. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. पुन्हा हात चालवला, पुन्हा अर्ध्या तासाने ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा पारा चढला. तुमचं हे यंत्र माझ्यावर डूख धरून आहे, असं त्यांनी सुनावलं.

कोणता आकडा बदलता, असं सावकाशरावांनी विचारलं. एका वेळी किती प्रवाशांना आत घ्यायचं तो, सहाशे. मग सावकाशरावांनी वही पुढे सरकवली. एकोणतिसाव्या पायरीपाशी, वहीबाईंच्याच वळणदार अक्षरात, दोनशे लिहिलेलं होतं, आणि फाइलमध्येही तेच उतरलं होतं. कधीतरी सुट्ट्यांच्या गर्दीत त्यांनी चार नंबरवर घाईघाईत सहाशे केले होते आणि लिहायचं राहून गेलं होतं. ज्या बाईंची वही, त्यांनीच ती मोडली होती.

"ते चुकत नाहीये, ताई," सावकाशराव म्हणाले. "तुमच्या वहीला ते तुमच्यापेक्षा जास्त जागतंय."

वहीबाई आधी ओशाळल्या, मग हसत सुटल्या. सहाशे फाइलमध्ये गेले, आणि पुढच्या अर्ध्या तासाने साधनाने त्या आकड्याला हात लावला नाही. असे डोक्यातच राहिलेले आणखी दोन बदल सापडले, तेही लिहून टाकले. त्या दिवशी घरी जाताना त्यांना इतकं मोकळं वाटलं की नेहमीच्या स्टॉपवर उतरायचं राहिलं.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसल्या असताना फोन वाजला. पडद्यावर ऑफिसचं नाव. लेकीने ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "जा," ती म्हणाली.

वहीबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे सावकाशराव होते. चार नंबरचं मशीन सकाळी कायमचं गेलं होतं. त्याच्या जागी नवं लावलं, साधनाने ते अकरा मिनिटांत उभं केलं. आणि सहाशे? तेही आलेच, फाइलमध्ये होते ना. मग फोन कशासाठी केला, असं विचारल्यावर सावकाशराव नेहमीसारखे थांबून थांबून बोलले.

वहीबाईंनी फोन लेकीपुढे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घे, तुझ्यासाठीच आहे. नात झाली की नातू, विचारतायत. म्हटलं, अजून वेळ आहे, मी इथेच बसलेय."