लालासाहेबांना न सापडलेला खेळ

“वस्तू हाय तितंच असती गड्या, नजर गावाला गेल्याली असती.”

लालासाहेब मेजर हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. कुणाची शेळी चुकली, कुणाचं रेशनकार्ड हरवलं, कुणाच्या रेडिओतून आवाज निघून गेला, वाक्य तेच. म्हणताना उजव्या हाताचं बोट कपाळाला लावायचे आणि डावा डोळा बारीक करायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, आपली शेळी त्या बारीक डोळ्यातच बांधलेली आहे.

पाटणच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, दुकानामागं घर, आणि समोर माझं सायकलींचं दुकान. वीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये तारा जोडून ते हवालदार होऊन घरी आले. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसे तेही झाले. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही. शहाण्णव साली सांगलीला मेहुण्याकडं सहा आठवडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पाटीवर रेडिओच्या शेजारी कॉम्प्युटरचं चित्र काढून घेतलं. रंगाऱ्यानं कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. त्यानं टीव्ही काढला आणि त्याच्यापुढं भजनातली बाजाची पेटी ठेवली. मेजरांनी कमरेवर हात ठेवून ते चित्र बराच वेळ बघितलं.

“चालंल,” ते म्हणाले. “बोटंच चालवायची हाईत, तितं काय आन हितं काय.”

माणूस नेकीचा आणि कसबी हाताचा. पण एक रीत त्यांच्या रक्तात होती. उंबऱ्याच्या आत आलेल्या कशालाही ते मूळ नावानं राहू देत नसत. कराडच्या बाजारातून आणलेला बैल ‘सोन्या’ असला, तर दारात भाकरतुकडा ओवाळेपर्यंत त्याचा ‘शिलेदार’ झालेला असायचा. त्यांच्या लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा तासगावाकडच्या धोंडूची त्यांनी बनुबाई केली. आता हे सगळीकडंच चालतं, त्यात नवल नाही. पण मेजरांनी ही रीत कॉम्प्युटरातही नेली. काही नवं बसवताना कॉम्प्युटर विचारतो, हे कुठल्या नावाच्या कप्प्यात ठेवू? आणि स्वतःच एक लांबलचक इंग्रजी नाव सुचवतो. शहाणी माणसं ‘बरं’ म्हणून पुढं जातात. मेजर ते नाव खोडायचे आणि इंग्रजी अक्षरांत आपलं लिहायचे. पत्रं लिहायच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘पाटी’. गाणी वाजवणाऱ्याचं ‘वासुदेव’.

“आपल्या घरात आलं की आपलं नाव,” ते म्हणायचे. “त्याबिगर त्ये नांदत न्हाई.”

नव्व्याण्णवच्या एप्रिलात पाचगणीहून राजरत्न वाघमारे आला. पंचविशीतला, चष्मा लावणारा, घाईघाईनं बोलणारा. मे महिन्यात पाचगणीला पर्यटक येतात, त्यांच्यासाठी तो बाजारपेठेत कॉम्प्युटरवरच्या खेळांचं दुकान काढत होता. रविवारी उद्घाटन होतं, पत्रकं वाटून झाली होती.

“जय भीम, मेजर.”

“जय भीम. या. काय ह्ये, पाळण्यातलं पोर आनल्यागत?”

राजरत्ननं गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर खाली ठेवला. सोबत पुण्याहून आणलेलं एक ग्राफिक्सचं कार्ड होतं आणि मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची सीडी. हे कार्ड बसवलं की पडद्यावरची मोटार खऱ्यासारखी पळते, असं त्यानं ऐकलं होतं. मेजरांनी सोमवारी खेळ बसवला, कार्ड बसवलं, कार्डाबरोबर आलेलं सॉफ्टवेअर बसवलं. त्या सॉफ्टवेअरचं काम मुकादमाचं. कॉम्प्युटरात कोणते खेळ आहेत ते शोधायचं, त्यांची हजेरी मांडायची, आणि हजेरीत नाव असेल त्यालाच कार्डाची ताकद द्यायची.

मुकादमानं शोधलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, ‘नो गेम्स फाउंड’.

मेजरांनी डोळा बारीक केला. पुन्हा शोधायला लावलं. पुन्हा तेच. खेळ तर समोर दिसत होता, उघडला की उघडतही होता. पण कार्डाच्या ताकदीशिवाय मोटार अशी चालायची, की कोयनेच्या घाटात रेडिएटर तापलेली एसटी बरी. एक हिसका, मग विचार, मग दुसरा हिसका.

मंगळवारी बनुबाई दुकानात आल्या. तीन एकर उसाची भांगलण त्यांच्या एकटीच्या अंगावर पडली होती. गड्यानं काम सोडलं होतं आणि धनी दुकानात पेटीपुढं बसले होते. त्या चिडलेल्या होत्या, पण बनुबाई चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत.

“आवं, किती दिस झालं ह्येला?”

“दुसराच. हुईल.”

“आन न्हाई झालं तर?”

“हुईलच. वस्तू हाय तितंच असती...”

“ती असती तितंच. तुमी कुटं असता त्ये बगा. ऊस गवतात हाय का गवात उसात हाय, कळंना झालंय. ह्ये यंतर शनवारपातुर चाललं तर दुकान ऱ्हाऊ द्या, मी एक शबुद बोलनार न्हाई. न्हाई चाललं तर दुकानाची किल्ली माज्या हातात आन खोरं तुमच्या. हाय कबूल?”

गल्लीतली चार माणसं ऐकत होती, त्यांत मीही होतो. मेजरांनी माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. सिग्नलचा माणूस, चार माणसांत मागं कसा हटणार?

“कबूल,” ते म्हणाले.

बुधवारी त्यांनी कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या रबरानं घासल्या. सीडी मलमलीच्या फडक्यानं पुसली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं, असं सहा वेळा. मधूनमधून वीज जायची. धरण आमच्या उशाला, त्याच्या विजेवर लांबलांबची शहरं उजळतात, आणि आम्ही कंदिलाची काच पुसतो. वीज आली की मेजर पुन्हा खुर्चीत. मुकादम पुन्हा शोधायचा आणि पुन्हा हात हलवत परत यायचा.

गुरुवारी पहाटे भूकंपाचा हलका धक्का बसला. आमच्याकडं त्याचं कौतुक नाही. मांडणीतली भांडी वाजतात, कोंबडी एकदा ओरडते, माणसं कूस बदलतात. पण मेजरांच्या डोक्यात उजेड पडला. नऊ वाजता ते गवंड्याची पाणसळ घेऊन दुकानात आले आणि टेबलावर ठेवून बुडबुडा बघत बसले.

“काय करताय, मेजर?” मी विचारलं.

“कोयनंच्या अंगाला कललंय.”

“टेबल व्हय?”

“टेबल. आन टेबलावरचा कॉम्प्युटर. आन कॉम्प्युटरातली तबकडी. तबकडी कलली म्हंजी खेळ एका अंगाला सरकला. मुकादम शोधतोय मधी, आन खेळ गेलाय कडंला.”

“पन धक्का तर आज बसला. खेळ सोमवारपास्नं गावंना.”

“सोमवारीबी बसला आसंल. बारका. आपुन झोपल्यालो.”

सोमवारी दुपारी ते स्वतः जागे बसून खेळ बसवत होते, हे मी बोललो नाही. बुडत्या माणसाच्या हातातली काडी काढून घेऊ नये. त्यांनी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला, बुडबुडा बरोबर मध्ये आणला, हात जोडले आणि मुकादमाला सोडलं.

‘नो गेम्स फाउंड.’

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी पाटीवरची धूळ पुसली. पाटी स्वच्छच होती.

शुक्रवारी दुपारी राजरत्न पाचगणीहून आला, तो बसलाही नाही. “मेजर, परवा उद्घाटन आहे. गिऱ्हाइकांना काय दाखवू, अडकत चाललेली गाडी?” मेजरांनी मुकादमाला पुन्हा सोडलं. एवढ्यात बनुबाई भाकरीचं फडकं घेऊन आल्या. पडद्यावर मुकादमाचा शोध चालू होता, उजेड पाडायच्या बॅटरीचं एक लहानसं चित्र इकडून तिकडं फिरत होतं.

“त्ये बॅटरी घिऊन कोन हिंडतंय?” बनुबाईंनी विचारलं.

“त्यो खेळ शोधतोय,” मेजर म्हणाले.

“आन खेळ कुटं हाय?”

“ह्यो काय. ह्या कप्प्यात.”

“मंग त्येच्या म्होरनं चाललाय की त्यो. थांबत का न्हाई?”

“त्येच तर कळंना.”

बनुबाईंनी भाकरी खाली ठेवली. “कुनाच्या नावानं हाका मारतोय त्यो?”

“म्हंजी?”

“कुनाला शोधायचं तर नाव लागतंय न्हवं? त्येला खेळाचं नाव काय सांगितलंया?”

राजरत्ननं खेळाचं मूळ इंग्रजी नाव सांगितलं. ते नाव बनुबाईंच्या कानावरून गेलं.

“आन ह्येनी काय ठिवलंय?”

राजरत्न वाकला आणि चष्मा वर करून कप्प्यावरची अक्षरं वाचली. “वाऱ्या,” तो म्हणाला. “मेजर, खेळाच्या कप्प्याला तुम्ही ‘वाऱ्या’ नाव दिलंय?”

“शर्यतीचा हाय म्हनून...” मेजर पुटपुटले. “शर्यतीचा बैल असतो तसं.”

बनुबाई स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा खाली आला.

“मागच्या सालच्या जत्रंच्या टायमाला एक बाई आलती. हितं तुमच्याच दुकानात. तासगावाकडची.”

“कोन बाई?”

“माजी मैतरन. साळू. शाळंत एका पाटावर बसायचो. पंचवीस वर्सांनी गाडी बदलाय पाटणला उतरली, तर म्हनली धोंडूला बगून जाऊ. साऱ्या स्टँडावर इचारत आली, ‘धोंडू हितं दिलीया, तिचा मालक फौजी हाय.’ तुमास्नी इचारलं तिनं. तुमी काय म्हनला?”

मेजरांनी मान खाली घातली.

“सांगा की. ‘ह्या गल्लीत धोंडू नावाची कोन बाई न्हाई,’ म्हनला. मी मागच्या दारी भांडी घासत व्हते. ती ग्येली. मला चार म्हैन्यांनी भावाच्या पत्रातनं कळलं. बैलाच्या आन बायकुच्या नावात तुमी कवा फरक केला न्हाई. आता यंतराचंबी त्येच. मुकादम बिचारा म्हायेरच्या नावानं हाका मारतोय, आन पोरगी सासरच्या नावानं आत बसलीया. ती ‘ओ’ कशी दील?”

मी समोर ट्यूबला हवा भरत होतो, तो माझा पंप थांबला.

मग मेजरांनी खुर्ची पुढं ओढली. खेळ काढला आणि नव्यानं बसवायला घेतला. कॉम्प्युटरनं विचारलं, कुठल्या नावाच्या कप्प्यात ठेवू, आणि आपलं ते लांबलचक नाव पुढं केलं. मेजरांचं बोट सवयीनं खोडायच्या बटणावर गेलं. तिथं थांबलं. मग सरकून ‘बरं’वर आलं.

अर्ध्यावर वीज गेली.

राजरत्न मटकन खाली बसला. बनुबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, तिघांनी ठेच्याशी खाल्ली, मलाही हाक मारून चतकोर दिली. चार वाजता वीज आली. मेजरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. खेळ बसला, मुकादम सुटला, बॅटरी फिरायला लागली, आणि एका जागी येऊन थबकली. पडद्यावर हजेरी उमटली. एकच नाव, पण ठळक.

राजरत्ननं खेळ चालू केला. मोटार अशी सुटली, की बनुबाईंनी पदर सावरला. डांबरी रस्ता, कडेची झाडं, लांबचा डोंगर, सगळं पाण्यासारखं वाहत होतं. राजरत्न ओरडला, “मेजर, पाचगणीत पहिली गाडी तुम्ही चालवायची!” त्यानं कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि पाचच्या एसटीसाठी पळाला.

दुकानात दोघंच उरली. मेजरांनी खिशातून किल्ली काढली आणि बनुबाईंच्या पुढ्यात ठेवली.

“ह्ये काय?” त्या म्हणाल्या. “चाललं की यंतर. दुकान ऱ्हाऊ द्या म्हनलं व्हतं मी.”

“मी चालवलं न्हाई. तू चालवलं.”

“कुनी चालवायचं त्ये कुटं ठरलं व्हतं?”

“बनू, फौजंत दुसऱ्याच्या गोळीनं पडल्याला दुश्मन आपल्या नावावर लावत न्हाईत.”

“आवं, चार मान्सं हसतील.”

“हसू द्या. सकाळी मी रानात, दुपारनं दुकानात. तवर तू बस हितं. कोन आलं तर काय बिगाडलंय त्ये इचारून ठिव. तुला इचारता येतंय, त्ये आज बगितलं. आन त्या मैतरनीला पत्र घालूया का? पत्ता काय तिचा?”

“पत्ता कुटला? तिचंबी लगीन झालंय. सासरचं नाव काय ठिवलं, कुनाला ठावं.”

मेजरांनी किल्ली उचलून बनुबाईंच्या तळहातावर ठेवली.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडलं, तेव्हा समोरचं उघडलेलं होतं. बनुबाई स्टुलावर बसल्या होत्या, किल्ली कमरेला, आणि मोरगिरीकडचा एक म्हातारा बंद पडलेला रेडिओ त्यांच्यापुढं धरून उभा होता. मेजर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला टॉवेल बांधून गल्लीतून निघाले. खोरं उजव्या खांद्यावर, दांडा सरळ, हाताचा कोन जसा रायफलीला असतो तसा. डावा पाय आधी टाकला. म्हाताऱ्यानं रेडिओ तसाच धरून मान वळवली. मी हातातला पाना खाली ठेवला. बनुबाई स्टुलावरून उठल्या, दाराच्या चौकटीला टेकल्या, आणि मेजर गल्लीच्या टोकाला उसाकडं वळेपर्यंत पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.